वहिनीचं पाणी

माझ्या समोरच्या दारात राहणारे गृहस्थ एकतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचत होते. दारावर दोन थापा आणि "रीडिंग!" अशी खणखणीत हाक, एवढ्या भांडवलावर त्यांनी अर्धं शहर ओळखीचं करून ठेवलेलं. आमच्या इमारतीत त्यांचं नावच रीडिंगकाका पडलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अजून आमच्याकडे साखर मागायला आले की दोन थापा मारून "रीडिंग!" म्हणतात, आणि आमची ही आतून "या काका, मीटर मात्र बाहेर आहे" म्हणते. हा विनोद अकरा वर्षं चालू आहे. दोघांनाही तो अजून नवा वाटतो.

काकांना आयुष्यात एकाच शब्दाचा तिटकारा होता. "अंदाजे." घराला कुलूप असलं, मीटरच्या झाकणावर ट्रक उभा असला, की बाकीचे मीटरवाले मागचा आकडा बघून पुढचा ठोकून द्यायचे आणि त्यासमोर "अं." लिहून चहाला जायचे. काकांनी एकतीस वर्षांत एकदाही "अं." लिहिलं नाही. ट्रकखाली पालथे पडून त्यांनी आकडे आणलेत. एकदा खड्ड्यात गुडघाभर गढूळ पाणी होतं, तर शेजारच्या घरातून तांब्या मागून आणून त्यांनी आधी खड्डा उपसला, फडक्याने काच पुसली आणि मग रीडिंग घेतलं. त्या घरच्या बाईंना तांब्या परत करताना तो घासून दिला होता, हेही ते आवर्जून सांगतात.

"मीटर खोटं बोलत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. "माणसं बोलतात. घरात चारच माणसं म्हणतात, आणि मीटर सांगतं सात."

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. ताईंचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून त्या मुलीला घेऊन भावाकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. मुलगी पुढे लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. काकांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, छत्री कुठेतरी राहून गेल्यासारखं. ताईंनी भावासाठी पंधरा वर्षं मुली सुचवल्या. प्रत्येक वेळी काकांना नेमकी ड्यूटी असायची. शेवटी एके दिवशी जिन्याखाली थरथरत बसलेलं मांजराचं पिल्लू ताईंनी काकांच्याच खात्याच्या टोपीत घालून घरी आणलं आणि टोपी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मी हरले. आता आमच्या घरात हीच वहिनी."

नाव पडलं ते पडलंच. राखाडी अंग, पांढरी हनुवटी, एक कान फाटका, आणि चेहऱ्यावर सतत कोणी तरी आपला अपमान केल्याचा भाव. "वहिनी फ्रिजवर बसल्यात", "वहिनींनी काल झुरळ मारलं", अशी वाक्यं आम्हाला सवयीची होती. तिसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले तेव्हा त्यांना हे कोणी सांगितलं नाही. काका त्यांना जिन्यात सहज म्हणाले, "वहिनी काल परत बाहेर गेल्या होत्या, पहाटे पाइपावरून चढून आल्या." ते गृहस्थ पुढे दोन महिने काकांच्या नजरेला नजर देत नव्हते.

तर ही वहिनी चौदा वर्षांची झाली आणि त्याच सुमाराला ताईंच्या मुलीला दिवस भरत आले. ताई सहा आठवड्यांसाठी निघाल्या. फ्रिजवर सूचनांचा कागद लावला: किती वेळा खायला द्यायचं, कुठला ब्रश, ती रागावली तर काय म्हणायचं. टॅक्सीत बसताबसता काच खाली करून त्या शेवटचं म्हणाल्या, "आणि तिचं पाणी बघत जा रे."

"पाणी?" काका छाती पुढे काढून म्हणाले. "ताई, तू कोणाला सांगतेस?"

तिसऱ्याच दिवशी त्यांनी ते बघितलं. सकाळी दोनशे मिलिलिटर मोजून भरलेलं भांडं दुपारी कोरडं. पुन्हा भरलं, तर संध्याकाळी पुन्हा कोरडं. तुम्हीआम्ही "उकाडा आहे" म्हणून सोडून दिलं असतं. काकांनी वही काढली. खिशात मावणारी, निळ्या पुठ्ठ्याची. वर लिहिलं "वहिनी", खाली दोन रकाने: भरलं, उरलं.

खात्याच्या शिस्तीप्रमाणे वापर वाढला की पहिला संशय गळतीवर. भांड्याखाली वर्तमानपत्र पसरलं. चोवीस तासांनी पेपर कोरडा आणि त्यातलं शब्दकोडं अर्धवट सुटलेलं, कारण काका जवळ बसून होते. मग बाष्पीभवन. तसंच दुसरं भांडं कपाटावर ठेवलं, दिवसभरात दहा मिली कमी झालं, तेवढे त्यांनी हिशेबातून वजा केले. तिसरा संशय चोरट्या कनेक्शनवर. गॅलरीतून एखादा बाहेरचा बोका येऊन पिऊन जात असेल, म्हणून दोन दिवस गॅलरीचं दार बंद. वापर तसाच. दिवसाला चारशे मिली!

मधल्या काळात वहिनींनी गादी ओली केली. मग सोफा. मग काकांची ती खाकी झोळी, जी खांद्याला लावून ते एकतीस वर्षं फिरले आणि निवृत्तीनंतर खुंटीला टांगलेली जी त्यांनी, का कोण जाणे, नेमकी त्याच दिवशी खाली काढून पलंगावर ठेवली होती. गादीचं काकांनी मनावर घेतलं नव्हतं. झोळीचं घेतलं.

संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले ते वहीसकट. आकडे वाचून दाखवले. आता इथे माझी एक चूक आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझा स्वभाव असा, की समोरचा माणूस गंभीर झाला की मला चेव येतो. मी विचारलं, "काका, तुमच्या खात्यात काय करायचे हो, वापर असा बेसुमार वाढला की?"

"नोटीस. मग पाण्याच्या वेळा ठरवायचे."

"मग द्या की वहिनींना नोटीस, आणि संध्याकाळचं कनेक्शन तोडून टाका!"

मी हसलो. आमची ही हसली. काका हसले नाहीत. त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला, बशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हं." माणूस विनोदाला हसला नाही, तर विनोद फसला असं आपण समजतो. कधीकधी तो पटलेला असतो.

त्या दिवसापासून रोज रात्री आठ वाजता काका वहिनीचं भांडं उचलून कपाटावर ठेवायचे आणि सकाळी सातला खाली काढायचे. वहीत तिसरा रकाना आला. त्यात रोज एक शब्द: "बंद."

तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तर चेहरा फुललेला. "गादी कोरडी! गळती थांबली."

मी म्हणालो, "अभिनंदन."

हो, मी असंच म्हणालो.

असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आमच्या दारावर दोन थापा पडल्या आणि पुढे काही ऐकू आलं नाही. हाक नसलेल्या त्या दोन थापांनी मी दाढीचा ब्रश हातात घेऊनच दार उघडलं. काका म्हणाले, "जरा येता का? ती फडकं चाटतेय."

बाथरूममध्ये बादलीच्या काठावर फरशी पुसायचं फडकं पिळून टाकलेलं होतं. वहिनी मागच्या पायांवर उभी राहून ते चाटत होती. घरातले सगळे नळ काकांनीच आवळलेले, नवे वायसर घातलेले. त्या घरात एक थेंब कुठे गळत नव्हता. मांजराने रात्रभर शोधून शोधून घरातली एकमेव ओली वस्तू काढली होती. आम्हाला बघून ती खाली उतरली, दोन पावलं चालली आणि फरशीवर बसली. बसली म्हणजे पाय तिच्या ताब्यात नव्हते. काकांनी पाणी पुढे केलं. तिने तोंड लावलं आणि काढून घेतलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी वहिनीच्या मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते लगेच खाली बसायला हवं, ते तंबूसारखं उभंच राहिलं. रक्त काढलं, वजन केलं. अर्ध्या तासाने आम्हाला आत बोलावलं.

"काका, हिची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. म्हातारपणी मांजरांना होतं हे. ती पाणी धरून ठेवू शकत नाहीत, सगळं वाहून जातं. म्हणून मांजर सारखं पीत राहतं. जेवढं जातं तेवढं पिऊन भरून काढायचं, एवढ्यावर ते तगून असतं. या आजारात पाणी एक रात्रसुद्धा कमी पडता कामा नये."

पाण्याचा वापर का वाढतो हे शोधण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, त्याने भांड्याखाली बघितलं, हवेत बघितलं, गॅलरीबाहेर बघितलं. गळती मांजराच्या आत असू शकते, हा रकाना त्याच्या वहीत नव्हता.

"किती पीत होती साधारण?" डॉक्टरीणबाई लिहून घेत म्हणाल्या. "वाढलं होतं का अलीकडे?"

काकांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे निळी वही होती. रोजचे आकडे, मिलिलिटरमध्ये, बाष्पीभवन वजा जाता. मला वाटतं, त्या दवाखान्याच्या इतिहासात इतका चोख जबाब कोणी दिला नसता. हात खिशावर थांबला. कारण त्या आकड्यांशेजारी तिसरा रकाना होता.

"बरंच," काका म्हणाले. "म्हणजे... अंदाजे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पण इतकी कोरडी कशी पडली? कुठे कोंडून राहिली होती का?"

"नाही. घरातच होती."

हेही खरंच होतं. मी तिथेच उभा होतो. मीही काही बोललो नाही.

वहिनी दोन दिवस दवाखान्यात सलाईनवर राहिली. ताई सामान आवरून दोन आठवडे आधीच परत आल्या. नातवाचा फोटो दाखवायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. घरी आणलेल्या वहिनीला मांडीवर घेतलं, बोटांनी तिच्या बरगड्या मोजल्या आणि रडायला लागल्या.

"मी गेले म्हणून झालं हे. म्हाताऱ्या जिवाला टाकून गेले. तिने हाय खाल्ली."

"ताई, तसं नसतं," काका म्हणाले.

"तू गप्प. तुला काय कळतं मांजराच्या मनातलं? तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं."

इथून काकांची खरी शिक्षा सुरू झाली. कारण ताई नुसत्या घरात बोलून थांबल्या नाहीत. वाण्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या भाडेकरूंना थांबवून सांगितलं: माझा भाऊ म्हणजे देवमाणूस, वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. काका बाजारात निघाले की लोक विचारायचे, "काय काका, वहिनी कशा आहेत? तुमच्यामुळे वाचल्या म्हणे." काका भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि भाजी न घेताच परत यायचे.

घरात पाण्याची भांडी झाली अकरा. पलंगाखाली, टीव्हीजवळ, गॅलरीत, दोन्ही खोल्यांच्या उंबऱ्याशी. मी त्यांच्याकडे गेलो की कुठल्या तरी भांड्यात पाय घालूनच बसायचो. मूत्रपिंडाच्या आजारासाठीचं खास खाणं आणलं, ते वहिनींनी हुंगलं आणि पुढच्या पंजाने त्यावर माती ओढायचा अभिनय केला. मग काका ते बोटावर घेऊन एकेक घास भरवायला लागले. वजन करण्यासाठी आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे, मग तिला घेऊन. स्वतःचं वजन दर आठवड्याला घटतंय, हे त्यामुळेच त्यांना कळत होतं, पण ते त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही.

आणि दर एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. ताईंना सुई बघवत नव्हती, त्यांचं काम वहिनीला धरायचं. काकांनी डॉक्टरीणबाईंकडून शिकून घेतलं: मानेमागे कातडं उचलायचं, तंबू करायचा, तंबूत सुई. शंभर मिली. पिशवी उंच टांगायला भिंतीत खिळा ठोकावा, तर ठोकाठोकीने वहिनी घाबरते. काकांनी टेपने माझी उंची मोजली आणि म्हणाले, "तुम्ही चालाल." तेव्हापासून एक दिवसाआड संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत पिशवी धरून हात वर करून उभा राहू लागलो. सलाईनचा खांब. आमची ही म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच माझा कोणाला तरी आधार झाला.

तिथे उभं असतानाच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पावणेआठ झाले की वहिनी असेल तिथून उठायची, अकरातल्या सगळ्यात जवळच्या भांड्याकडे जायची आणि घाईघाईने पाणी प्यायची. तहान भागल्यावरही प्यायची. मध्येच मान वर करून कपाटाकडे बघायची आणि पुन्हा प्यायला लागायची. घड्याळात आठ वाजून गेले की थांबायची.

"ही अशी का करते रे?" ताईंनी एकदा विचारलं. "दिवसभर पाणी आहे ना समोर? मग आठाच्या आधीच कसली घाई?"

काका सुई पुसत होते. पुसलेलीच सुई पुसत होते. मी पिशवीवरची तारीख वाचत होतो.

त्या रविवारी ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "सांगून टाकू का हो ताईला?"

मी शहाण्यासारखा चेहरा करून म्हणालो, "कशाला काका? झालं ते झालं. सांगून काय मांजर बरं होणार आहे? उगाच त्यांच्या जिवाला त्रास." शब्द सगळे त्यांच्या भल्याचे होते. पण आतून मला हेही दिसत होतं, की त्यांनी वही उघडली तर ताई पहिला प्रश्न विचारतील, हे तुला सुचलं कसं?

आणखी दोन आठवडे हे असं चाललं असतं, महिनाही चाललं असतं. पण ताईंच्या मुलीचा फोन आला. तिची रजा संपत होती, बाळ दोन महिन्यांचं, आई तू ये ना. ताई म्हणाल्या, "नाही येत. एकदा गेले होते, इकडे काय होऊन बसलं ते बघितलंस ना? मी पुन्हा या मुक्या जिवाला टाकून कुठे जाणार नाही." पलीकडून मुलगी रडत होती ते आम्हाला इकडे ऐकू येत होतं. ताईंनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पाप लागतं हो एकेक. भोगायलाच पाहिजे."

मी काकांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर, फुटपाथवरच्या मीटरच्या झाकणाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सलाईन. ताईंनी वहिनीला कुशीत धरलं, मी हात वर केला, काकांनी तंबूत सुई घातली. पाणी उतरायला लागलं. शंभर मिलीला आठ-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात कोणी हलायचं नाही असा नियम.

"ताई, हलू नकोस," काका म्हणाले.

"मी कशाला हलतेय?"

"आता हलशील. माझ्या खिशातली वही काढ. डाव्या हाताने. तिला सोडू नकोस."

ताईंनी वही काढली, अंगठ्याने उघडली. वाचताना त्यांचे ओठ हलायचे. भरलं, उरलं. पान उलटलं.

"बंद म्हणजे काय?"

"पाणी."

"कोणी बंद केलं?"

"मी. आठ ते सात. गादी ओली करते म्हणून."

नळीत थेंब पडत होते. मला खोलीतून निघून जायचं होतं, पण खांबाला ती सोय नसते.

"अठरा दिवस?" ताई म्हणाल्या.

"अठरा."

"मी रोज फोन करत होते. वहिनी कशी आहे विचारलं की तू म्हणायचास, वापर आटोक्यात आहे." त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "आणि मी हसायचे रे. माझ्या लेकीला सांगायचे, मामा बघ कसा बोलतो."

काकांनी सुई धरलेला हात हलू दिला नाही. "काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. वही दाखवली. त्या म्हणाल्या, आजार जुना आहे, दोन वर्षांचा तरी असेल, तुमच्यामुळे झालेला नाही. पण या अठरा दिवसांनी नुकसान झालं, ते झालंच. मी विचारलं, माझ्यामुळे किती गेलं? त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही." काका थांबले. "मी म्हटलं, बाई, अंदाजे सांगा. तर म्हणाल्या, अंदाजेही नाही सांगता येत."

माझा वर केलेला हात दुखायला लागला होता, आणि अचानक मला वाटलं, शाळेत कबुलीजबाब द्यायला उभं केलंय आपल्याला.

"ताई," मी म्हणालो. "पाणी तोडा, हे मी म्हणालो होतो. चहा पिताना. गमतीत."

ताईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मला वाटलंच. इतका घाणेरडा विनोद त्याला सुचायचा नाही." आणि मग, "पिशवी खाली आलीय. नीट धरा."

पुढचे चार दिवस ताई भावाशी बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्या, पण वहिनीमार्फत. "वहिनी, तुमच्या ह्यांना सांगा, चहा झालाय." "वहिनी, ह्यांना विचारा, वीज बिल कुठे ठेवलंय." वहिनी दोघांकडे सारख्याच नाराजीने बघायची. आमच्याशी तर मांजरामार्फतही बोलणं नव्हतं. मी पिशवी धरायला जायचो, धरून यायचो.

पाचव्या दिवशी ताईंनी पलंगाखालून बॅग ओढली. त्यात एका भांड्याचं पाणी सांडलं, ते काकांनी पुसलं.

"जाते मी लेकीकडे," ताई बॅगेत कपडे घालता घालता म्हणाल्या. थेट बोलल्या. "मी गेले म्हणून झालं नव्हतं, तर मग मी थांबून काय करू? तिकडे ते पोर रडतंय."

"आणि ही?"

"तू आहेस ना." त्यांनी बॅगेची चेन लावली. ती मध्ये अडकली, काकांनी वाकून सोडवली. "तू आता हिचं पाणी तोडशील असं मला वाटत नाही. जगात दुसरा कोणी तोडेल, तू नाही."

काका चेनकडे बघतच म्हणाले, "ताई, तू मला माफ..."

"ते विचारू नकोस. अजून नाही."

टॅक्सीपर्यंत आम्ही दोघंही बॅगा घेऊन गेलो. यावेळी फ्रिजवर कागद नव्हता. ताई आत बसल्या, काच खाली केली, काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि गप्प बसल्या.

"बघतो," काका म्हणाले.

आता रोज सकाळी ताईंचा फोन येतो. पलीकडून एकच शब्द येतो, "रीडिंग?" आणि काका वही उघडून सांगतात: प्यायलं किती, खाल्लं किती, वजन किती. जुनी पानं त्यांनी फाडली नाहीत. मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "रजिस्टर फाडत नसतात." दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट येतो आणि आकडे हळूहळू वाढतायत, आणि इथे वाढणं वाईट. डॉक्टरीणबाई म्हणतात, वर्षभर काढेल, कदाचित कमी. प्रत्येक वेळी काका निघताना दारात थांबून विचारतात, ते अठरा दिवस नसते तर किती काढलं असतं? आणि त्या मान हलवतात. त्यांना आता पाठ झालंय, ह्यांना काय विचारायचंय ते.

मी अजून खांबाचं काम करतो. आमची ही वहिनीला धरते. सलाईन संपलं, तरी मी लगेच निघत नाही. पावणेआठला वहिनी उठते. पाय आता लटपटतात, पण उठते. भांड्याशी जाते आणि घाईघाईने प्यायला लागते, मान वर करून कपाटाकडे बघत. काका तिच्याजवळ फरशीवर मांडी घालून बसतात. एक हात भांड्याच्या काठावर ठेवतात, कोणी उचलून नेऊ नये म्हणून धरावं तसा.

"पी सावकाश," ते म्हणतात. "आहे. राहणार आहे."

ती त्यांच्या हाताकडे बघते. मग पुन्हा पिते, तितक्याच घाईने. आठ वाजून जातात. काका हात काढत नाहीत.